छातीवर हात ठेवलेला साहेब

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि बायकोला मी सगळं सांगतो – म्हणजे सांगावंच लागतं, ती काढून घेते. पण हे नाही निघालं तिच्याकडूनही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, उद्या सेलूच्या बाजारात समोर आलात तरी रामराम करणार नाही, म्हणून असेल कदाचित.

गोष्ट एका फोटोची आहे. नाही – नुसत्या फोटोची असती तर मी ती कधीच चारचौघांत टाळ्या देत सांगितली असती, कारण ती हसण्यासारखीच आहे. गोष्ट भोयर सरांची आहे, आणि माझी. आणि मध्ये एक इंग्रज कवी आहे, दीड-दोनशे वर्षांपूर्वी मेलेला. त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. का, ते पुढे येईल.

सत्तरच्या दशकातली आमची शाळा. माझ्या वडिलांचं सेलूत किराण्याचं दुकान. भोयर सर केळझरचे, घरची शेती, खानदानात कोणी इंग्रजीचं अक्षर शिकलेलं नाही. सरांनी बाहेरून परीक्षा देत देत बी.ए. केलं, तेही इंग्रजी घेऊन. रोज केळझरहून सायकलीवर यायचे. सुटीच्या दिवशी वखर हाणायचे. हात शेतकऱ्याचे होते – जाड, राठ – त्या हातात खडू उदबत्तीएवढा दिसायचा.

आमच्याकडे इंग्रजी म्हणजे गंडांतर. पोरं गणितात लटकायची नाहीत तेवढी इंग्रजीत लटकायची. बाकीचे मास्तर गाईड घेऊन यायचे आणि उत्तरं उतरवून द्यायचे. सर काय करायचे? दार ओढून घ्यायचे आणि कविता वाचायचे. अर्थ नाही, शब्दार्थ नाही, काही नाही. नुसती वाचायचे, डोळे मिटून, कारण ती त्यांना पाठच असायची. मग विचारायचे, "समजलं?"

"नाई सर."

"नाई समजलं त बरं. ऐकू त आलं न?"

त्या कवीवर त्यांचा जीव होता. त्याच्याबद्दल असे बोलायचे की वाटावं, माणूस केळझरच्या वेशीवर राहतो आणि गुरुवारच्या बाजाराला येतो. घरची परिस्थिती बेताची. पायी भटकायचा. पाखरं बघत बसायचा, लोक म्हणायचे वाया गेला. पुस्तकं छापली ती विकली गेली नाहीत, शहाण्या लोकांनी छापून छापून टिंगल केली, आणि मेल्यावर त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. सर हे सांगताना इतके चिडायचे की आम्हाला वाटे, आत्ता सायकल काढून विलायतेला जातात की काय.

त्याची एक कविता होती, पीक निघून गेल्यावरच्या रिकाम्या शेतावरची. ती सरांनी कशी शिकवली, सांगू? म्हणाले, "कापूस येचून झाल्यावर उभी पऱ्हाटी पाह्यली का तुमी? बोंडं खाली, पानं लाल, कोनी नाई वावरात. सांजच्या टायमाले बांधावर उभं राहून कसं वाटते?" बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, सगळ्यांनी पाहिलेलं, कसं वाटतं हे मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं. "हां," सर म्हणाले, "तेच लिवलं त्यानं. इतके वर्षं काऊन टिकला तो? काऊन की त्यानं राजे नाई लिवले, वावर लिवलं. राजे गेले. वावर हाये."

मला इंग्रजी तिथे लागलं. खोटं सांगत नाही – म्हणजे बघा, मीच हे म्हणतोय – पण एवढं खरं आहे. त्या दिवशी घरी जाऊन मी पुस्तक उघडलं आणि ती कविता पुन्हा वाचली, कोणी सांगितलं नसताना.

तर सरांच्या मनात आलं, त्या कवीची जयंती करायची. शाळेच्या हॉलमध्ये पुढाऱ्यांचे, संतांचे फोटो होते, त्यांच्या जयंत्या व्हायच्या, हार, नारळ, भाषण, पेढे. तशीच याची. हेडमास्तर म्हणाले, इंग्रज गेले न भोयर सर, आता त्यायची जयंती? सर म्हणाले, "इंग्रज गेले. कवी कुठी गेला?" जयंती मंजूर झाली.

पण फोटो? पुस्तकात फोटो नव्हता. सरांनी स्वतः जन्मात त्याचा चेहरा पाहिला नव्हता. नागपूरला सीताबर्डीवर एका तसबिरीवाल्याकडे असली चित्रं मिळतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी तेव्हा नववीत, सरांचा लाडका, आणि घरच्या कामानं नागपूरला जाणार होतो. सरांनी मला बोलावून, कवीचं नाव दोनदा म्हणवून घेऊन, पैसे दिले. "पाहून आनजो," म्हणाले. "घाई नोको करू."

मी सिनेमा पाहिला. आदल्या महिन्यात पाहिलेलाच पुन्हा पाहिला. बाहेर आलो, समोसे खाल्ले, तसबिरीवाल्याकडे पोचलो तर दुकानाला कुलूप. आठवड्याची सुट्टी. एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं – काकाचं घर होतं नागपूरला. पण मला पुलगावला मामाकडे जायचं होतं, तिथे मामेभावांचा क्रिकेटचा सामना होता. काय अडलं होतं माझं त्या सामन्यावाचून? बारावा खेळाडू होतो मी.

पुलगावला मामाच्या घरामागे एक कबाडी होता. साहेबांच्या बंगल्यांतून कधीकाळी निघालेलं सामान त्याच्याकडे पडलेलं असायचं – टोप्या, पेट्या, तुटक्या खुर्च्या. त्यात मला तो दिसला. जाड पुठ्ठ्यावरचं रंगीत चित्र. गोरा तरुण माणूस, कुरळे केस, गळ्यात मफलर, डोळे पाणावलेले, आणि उजवा हात छातीवर. खाली इंग्रजीत दोन ओळी आणि एक बाटली. खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती ती. माणसाला कफ झाला होता.

मी मामाच्या दाढीच्या ब्लेडनं बाटली आणि ओळी कापून टाकल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी भरीला घातलं नव्हतं. कड सरळ यावी म्हणून खाली पट्टी धरून कापलं. मग बाजारात जाऊन फ्रेम करून घेतली.

सेलूला परतल्यावर ती कागदात गुंडाळून सरांना नेऊन दिली. त्यांनी कागद सोडला आणि फोटोकडे बघत उभे राहिले. किती वेळ बघत होते, काय सांगू बाप्पा! मग ते म्हणाले, "पाह्य. हात कुठी हाये त्याचा? कायजावर." आणि धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले.

मला हसू आलं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सर रागावले असते, कान पिळला असता, संपलं असतं. पण त्यांचा चेहरा बघून – नाही, त्यांच्या चेहऱ्याचं कारण देत नाही. मला शाबासकी हवी होती. ती मिळाली. मी घेतली.

मग जयंती सुरू झाली, आणि थांबेचना. दर हिवाळ्यात हार, नारळ, उदबत्ती. आमचा शिपाई मारोती त्या साहेबाच्या कपाळाला कुंकू लावायचा. पहिल्या वर्षी सरांनी पुसायला हात उचलला, तर मारोती म्हणाला, "राहू द्या जी, पाव्हना हाये." राहिलं मग कुंकू. दरवर्षी त्यावर नवं. हळूहळू पोरं इंग्रजीच्या पेपरला जाताना हॉलमध्ये वळून त्याला हात जोडायला लागली. पास कर रे कवीबाबा! पास झालेल्यांच्या आया नारळ घेऊन यायच्या. माझी आईसुद्धा आली, मी मॅट्रिकला इंग्रजीत चांगले मार्क मिळवले तेव्हा. खोकलेल्या माणसापुढे नारळ ठेवून, डोक्यावर पदर घेऊन तिनं नमस्कार केला, आणि तो नारळ मी माझ्या हातानं फोडला. हसता ना? हसा. मीही हसायचो, एकटा, रात्री उशीत तोंड खुपसून.

आणि दरवर्षी सर भाषण करायचे. हात काळजावर का आहे, यावर. त्या हातात त्यांना कवीचं सगळं आयुष्य दिसायचं – टिंगल, गरिबी, न विकलेली पुस्तकं. "दुखते त्याले," म्हणायचे, "पन तो ओरडत नाई. हात ठेवते आन लिवते." ते ऐकून आठवीतली टारगट पोरंही गप्प बसायची. मला आता वाटतं, त्या कवीवर विलायतेत काय काय लिहिलं गेलं असेल, पण इतकं नेमकं कोणी बोललं असेल का? तेही एका कफवाल्याकडे बघून.

ऐंशी साल उलटल्यावर मी बी.एड. होऊन त्याच शाळेत इंग्रजीला लागलो. जागा सरांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती. तात्पुरती होती, कायम व्हायची होती. स्टाफरूममध्ये ते मला सगळ्यांसमोर "तू" म्हणायचे, "अबे, डबा आनला का तू?" आणि नव्या मास्तरांना वाटायचं मी त्यांचा पुतण्या आहे. मला ते फार आवडायचं.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी जयंती मोठी करायची ठरली. नागपूरहून इंग्रजीचे एक प्राध्यापक पाहुणे म्हणून आले. संस्थेचे अध्यक्ष आले, ज्यांच्या सहीवर माझं कायम होणं अडलं होतं. केळझरहून काकू आल्या, सरांच्या पत्नी, पहिल्यांदाच. नवं लुगडं नेसून बायकांमध्ये पुढे बसल्या. सरांनी कोटाला इस्त्री केली होती.

प्राध्यापक हार घालायला उठले. फोटोजवळ गेले आणि हार हातातच राहिला. वाकून बघितलं. मग ते हसायला लागले. वाईट माणूस नव्हते हो ते, हे मी आजही म्हणतो – त्यांना खरोखरच गंमत वाटली. माईकवर येऊन म्हणाले, अहो, हा तर आमच्या दुकानातला! इतवारीत त्यांच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं, आणि हीच पाटी गल्ल्याच्या वर टांगलेली असायची. "लहानपणी मी याची नक्कल करायचो," म्हणाले, आणि छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं.

हॉल कोसळला. पोरं हसली, मास्तर हसले, मारोतीही हसला. मागच्या बाकांवरून एकानं खोकून दाखवलं, मग दुसऱ्यानं, मग सगळा हॉल खोकत होता. काकू इकडे तिकडे बघत होत्या, काय झालं म्हणून. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. शाळेची नाचक्की झाली होती, आणि माईक समोरच होता. त्यांनी विचारलं, "हा फोटो कोणी आणला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि मी उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, मी कबूल करायला उठलो. मलाही उठताना तसंच वाटलं होतं की काय? माहीत नाही. तोंड उघडलं आणि म्हणालो –

"चित्र सरांनीच दिलं होतं. मी फक्त फ्रेम करून आणली."

तोंडातून निघाल्यावर मला ते इतकं सरळ, इतकं खरं वाटलं की मी स्वतःच विश्वास ठेवला असता.

सर उठले. म्हणाले, "हो. मीच देल्लं होतं. माही चूक झाली." त्यांचं भाषण राहिलं होतं. ते त्यांनी केलं नाही. पोरांना म्हणाले, रांगेत या आणि पेढे घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी फोटो हॉलमध्ये नव्हता. कोणी काढला, मी विचारलं नाही. पोरं त्यांना "खोकलेसर" म्हणायला लागली. सायकल फाटकातून आत आली की कोणीतरी खोकायचं. पोरंच ती, त्यांना काय माहीत? मी दोघा-तिघांना बदडलं. बदडताना मला वाटायचं, मी सरांसाठी काही करतोय.

सरांनी त्यानंतर कविता शिकवली नाही. उरलेले महिने ग्रामर घेतलं, फळ्यावर ओळीनं वाक्यं लिहायची आणि पोरांकडून बदलून घ्यायची. त्या कवीचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही, म्हणून मीही ते इथे काढत नाही. स्टाफरूममध्ये एक दिवस त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "कविता आता तुम्ही घ्या."

तुम्ही.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नव्हती झाली. निवृत्तीच्या दिवशीही "तुम्ही", नंतर रस्त्यात भेटले तेव्हाही "तुम्ही, कसं काय, बरं हाये न?" आवाजात राग नव्हता. कोणत्याही नव्या मास्तरशी बोलावं तसं बोलायचे. तुम्हाला मराठी येतं, म्हणून जास्त सांगत नाही.

मी कायम झालो. कविता मी घेतली, आणि चांगली घेतली. दार ओढून, डोळे मिटून. पऱ्हाटीचं शेत, बांध, सांज – सगळं सरांचं, शब्दन् शब्द. पोरं म्हणायची, सर, तुमच्यासारखं कोणी शिकवत नाही.

सर गेले ते त्याच दशकाच्या शेवटी, छातीच्या दुखण्यानं. मी तेरवीला गेलो नाही, काहीतरी काम काढलं. महिनाभरानं मात्र केळझरला गेलो. काकू ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं, चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं. मग त्या एकदम म्हणाल्या, "एक इचारू का रे? तो फोटो. त्यायनं नव्हता न देल्ला तुले?"

मी मान खाली घातली. "नाही काकू."

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "त्यायलेबी माहीत होतं. तुह्या मॅट्रिकच्या आंदी. नागपूरले एका मोठ्या पुस्तकात त्यायले खरा फोटो दिसला होता त्या कवीचा. घरी येऊन दोन दिवस जेवले नाई धड. मी म्हनलं, मंग काढून टाका न तो. त म्हने, पोरगं एवढ्या दुरून हौशीनं घिऊन आलं. त्याले कोनीतरी ठकवलं असन नागपुरात. काढला त त्याले समजन, लाज वाटन त्याले. राहू दे." त्यांनी चहा गाळला. "आन मंग म्हने, हात त खरंच कायजावर हाये न."

म्हणजे मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांना माहीत होतं. माझी आई नारळ घेऊन आली तेव्हा माहीत होतं. एवढी वर्षं दर हिवाळ्यात ते त्या कफवाल्यापुढे उभे राहून बोलत होते, मला लाज वाटू नये म्हणून. आणि भरल्या हॉलमध्ये त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं ते – कशासाठी? मी बोलावं म्हणून की घाबरू नये म्हणून? हे आता कोणाला विचारू?

काकूंनी कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, अगदी साधं, उत्तर हवं असलेल्या माणसासारखं, "तुले ठकवलंच होतं न रे कोनी?"

ओसरीत आम्ही दोघंच होतो. अध्यक्ष नव्हते, पोरं नव्हती, माईक नव्हता, नोकरी पक्की होती. आणि समोर एक बाई, जिला एवढंच ऐकायचं होतं की आपला नवरा जे मानत होता ते खरं होतं का.

मी म्हणालो, "हो काकू. ठकवलं होतं."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "ते म्हनतच होते." आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

काकूही आता नाहीत. पहिलं खोटं मी घाबरून बोललो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. दुसऱ्या वेळी मला कोणाचीच भीती नव्हती.